स्पेक्ट्रोग्राफ घ्या, आरसा लहान चालेल

संपादक महोदय,

थंडी सुरू झाली की ठाण्या-नवी मुंबईतली महाविद्यालयं आणि मोठी गृहसंकुलं दुर्बीण घ्यायचं मनावर घेतात. चर्चा आरशाच्या व्यासावर अडते, सहा इंची की दहा इंची. मग कोणीतरी म्हणतं, इथून दिसतंय काय, वांगणी-नेरळलाच जायला हवं, आणि विषय तिथेच संपतो. दीर्घिका आणि तेजोमेघ डोळ्यांनी पाहायचे असतील तर हे म्हणणं रास्त आहे. पण ताऱ्याचा वर्णपट, म्हणजे त्याचा प्रकाश रंगांत फोडून मिळणारा पट, घ्यायचा असेल तर ते लागू पडत नाही. आरसा लहान घेऊन वाचलेल्या पैशात स्लिटचा (अरुंद फटीचा) स्पेक्ट्रोग्राफ, म्हणजे वर्णपट घेणारं उपकरण, घेतला, तर गच्चीवरून खऱ्या उपयोगाचं काम होतं. उष्ण, वर्णपटात उजळ (उत्सर्जन) रेषा दाखवणारे आणि धुळीने वेढलेले तारे हे त्याचं चांगलं उदाहरण.

शर्मिष्ठा तारकासमूहातल्या गॅमा ताऱ्याच्या वर्णपटात हायड्रोजनची रेषा काळी नसून उजळ आहे, हे इटालियन खगोलशास्त्रज्ञ अँजेलो सेक्की यांना १८६६ मध्ये दिसलं. अशा ताऱ्यांतल्या थोड्यांच्या वर्णपटात हायड्रोजनबरोबर 'निषिद्ध', म्हणजे फक्त विरळ वायूत उमटणाऱ्या, रेषाही असतात, म्हणून त्यांच्या वर्गाचं नाव चौकटी कंसात ई घालून बी[ई] असं लिहितात. उदासीन ऑक्सिजनची ६३०० अँगस्ट्रॉम (तरंगलांबीचं एकक) वरची रेषा त्यातली ठळक. घन सेंटिमीटरला दहा-वीस लाख कणांहून दाट वायूत ती दबते, कारण अणूने प्रकाश सोडण्याआधीच त्याला दुसऱ्या कणाचा धक्का बसतो. म्हणजे ती दिसली की ताऱ्यापासून दूर विरळ, थंड वायू आहे असं समजायचं. त्याच परिसरात सुमारे १५०० केल्विनच्या खाली धूळ टिकते. ती धूळ मात्र अवरक्त प्रकाशातच कळते. त्यासाठी माउंट अबूसारख्या उंच, कोरड्या जागीच जावं लागतं. गच्चीवरून आपण मोजतो तो वायू.

ठाण्यातून सोयीचा तारा म्हणजे एफ. एस. कॅनिस मेजॉरिस, म्हणजेच एचडी ४५६७७. प्रत (तेजस्वितेचा आकडा; जितका लहान तितका तारा उजळ) साधारण आठ. व्याधाच्या वायव्येला साडेपाच अंशांवर आणि मिर्झम ताऱ्याच्या जवळजवळ सरळ उत्तरेला पाच अंशांवर. फेब्रुवारीच्या सुरुवातीला रात्री सव्वादहाच्या सुमारास तो मध्यान्हवृत्तावर येतो आणि ५८ अंश उंच असतो. त्याहून तेजस्वी एचडी ५०१३८, प्रत साडेसहाच्या जवळपास. आणि अगदी लहान दुर्बिणीलाही पेलेल असा ३ पपिस, चौथ्या प्रतीचा. तो जोडतारा आहे, आणि त्या दोघांच्या एकमेकांभोवतीच्या फेरीला सुमारे १३७ दिवस लागतात. नोव्हेंबरच्या मध्यावर पहाटे सुरुवात केली आणि मार्चअखेर संध्याकाळी थांबलो, तर एक पूर्ण फेरी पावसाच्या आत पदरात पडते.

आता उजेडाचा हिशेब. १००० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीवर २३ मायक्रॉनची स्लिट पावणेपाच विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) रुंद पडते. ताऱ्याचा ठसा चार विकला उंच धरला, तर स्लिटमधून तारा आणि साधारण वीस चौरस विकला आकाश एवढंच आत जातं. शहरी आकाश दर चौरस विकलेला साडेसतराव्या प्रतीचं मानलं, तर त्या तुकड्याची प्रत सव्वाचौदा होते. आठव्या प्रतीचा तारा त्याच्या सुमारे तीनशे पट उजळ! उरलेलं आकाश स्लिटच्या वरच्या आणि खालच्या भागातून मोजून वजा करता येतं. एलईडी दिव्यांचा उजेड बराचसा सलग असल्याने तो सहज वजा होतो; सोडियमचे दिवे अजून जवळ असतील तर ५८९० च्या आसपास जपावं. दुर्बिणीच्या तोंडाशी नुसती प्रकाश फोडणारी जाळी (ग्रेटिंग) लावून, स्लिटशिवाय हे जमत नाही, कारण तिथे सगळं आकाश वर्णपटावर पसरतं. ती जाळी विद्यार्थ्यांना गॅमा शर्मिष्ठेची लाल रेषा दाखवायला ठीक आहे.

स्पेक्ट्रोग्राफ विकत मिळतो. क्रिस्तियाँ ब्युईल यांच्या आराखड्यावरून थ्री-डी प्रिंटरवर छापून जुळवायचा स्टारएक्सही आहे, आणि अभियांत्रिकी महाविद्यालयाला तो अवघड जाऊ नये. २०० मिलिमीटर आरसा, तारा स्लिटवर धरून ठेवणारा गाइडिंग कॅमेरा आणि थंड होणारा मोनो (कृष्णधवल) कॅमेरा एवढ्यात भागतं.

जागा मात्र विचारपूर्वक निवडावी. तिपाई स्लॅबच्या मध्यावर ठेवू नका; खाली कॉलम किंवा बीम असेल तिथे ठेवा, नाहीतर लिफ्ट चालली की तारा स्लिटवरून सरकतो. ब्रिकबॅट कोब्यावर पाय रुततात, म्हणून खाली लाद्या घाला. एसीच्या बाहेरच्या युनिटवरून पाहू नका. दिवसभर तापलेली गच्ची साडेनऊ-दहापर्यंत उष्णता सोडते, तोवर ताऱ्याचा ठिपका फुगलेला राहतो.

सर्वांत जास्त फसगत होते ती एक्स्पोजरमध्ये. एफ. एस. कॅनिस मेजॉरिसची ६५६३ ची हायड्रोजन रेषा आजूबाजूच्या रेषाविरहित सलग पटाच्या कित्येक पट उंच आहे. सलग पट चांगला यावा म्हणून पाच मिनिटं दिली की रेषेचा माथा संपृक्त होतो, म्हणजे कॅमेऱ्याच्या कमाल मर्यादेला टेकतो, आणि संगणक त्या चपट्या माथ्याची तीव्रता निमूटपणे मोजून देतो. म्हणून दोन संच घ्या: २०-३० सेकंदांच्या दहा-बारा प्रतिमा, त्यात माथा १६ बिटच्या ६५,५३५ पैकी ५०,००० च्या आत राहिला पाहिजे, आणि कमजोर रेषांसाठी पाच मिनिटांच्या सहा-सात. तरंगलांबी जुळवण्यासाठी निऑनचा दिवा प्रत्येक ताऱ्याच्या आधी आणि नंतर घ्या, कारण तापमान उतरतं तशी चौकट किंचित वाकते. फ्लॅटसाठी, म्हणजे उपकरणाचा असमान प्रतिसाद काढून टाकायच्या प्रतिमेसाठी, हॅलोजनचा दिवाच वापरा, एलईडी टॉर्च नको. टॉर्चच्या वर्णपटात निळा उंचवटा असतो आणि तो ताऱ्याच्या माथी बसतो. लगेच पुढे मिर्झमचा वर्णपट घ्या. तो बी वर्गाचा, फार रेषा नसलेला तारा आहे, त्यामुळे हवेच्या रेषा आणि उपकरणाचा कल दोन्ही काढता येतात.

६३०० च्या रेषेची पारख निराळी. रात्रीच्या आकाशाचीही तीच रेषा असते, म्हणून आकाश वजा केल्यावर जी उरेल तीच ताऱ्याची. तिची जोडीदार ६३६४ वर असते आणि दोन्हींचं प्रमाण ठरलेलं आहे, तीनास एक. ते जुळलं नाही तर ६३७१ ची सिलिकॉनची रेषा मिसळली आहे का पाहा. कमी विभेदनाच्या, म्हणजे जवळच्या रेषा वेगळ्या न दाखवणाऱ्या, उपकरणात ती मिसळतेच.

खाडीकाठचा दमटपणा कॅमेऱ्याच्या काचेवर दव आणतो, म्हणून सिलिका जेल बदलत राहा. उच्च विभेदनात पाण्याच्या वाफेच्या रेषा ६५४३.९, ६५५२.६, ६५७२.१ अशा हायड्रोजनच्या रेषेभोवती उमटतात. त्या नकोशा वाटल्या तरी तरंगलांबी बरोबर आहे का, याचा फुकटचा मापदंड आहेत. आणि ताऱ्याभोवतीच्या धुळीचा विचार करणाऱ्याला आरशावरची घोडबंदर रोडची धूळही विसरून चालत नाही: फुंकणीने उडवा, पुसू नका, आणि आरसा वर्षातून एकदाच धुवा.

या ताऱ्यांच्या रेषा काही दिवसांपासून काही वर्षांपर्यंतच्या टप्प्यांत बदलतात. मोठ्या दुर्बिणींना प्रत्येक आठवड्याची रात्र मिळत नाही, गच्चीला मिळते. वर्णपट पॅरिस वेधशाळेच्या बेस (BeSS) या अशा ताऱ्यांच्या वर्णपटांच्या संग्रहात पाठवता येतात. पाठवताना वेळ जागतिक वेळेतच लिहा, म्हणजे आपले रात्रीचे नऊ तिथे दुपारचे साडेतीन. आणि पहाटे साडेपाचच्या आतल्या नोंदींत तारीखही आदल्या दिवसाची येते. पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या भ्रमणाची दुरुस्ती केली आहे की नाही, तेही फाइलच्या हेडरमध्ये (सुरुवातीच्या माहितीत) नोंदवा. ३० किलोमीटर प्रतिसेकंद वेगाचा परिणाम ६५६३ च्या रेषेवर सुमारे ०.६६ अँगस्ट्रॉमचा होतो, आणि नोंद नसेल तर दुसरा अभ्यासक तीच दुरुस्ती पुन्हा करून बसतो.

काही हौशी वर्णपट-निरीक्षक,
ठाणे (पश्चिम)