सूचना : कट्ट्यावरच्या संगणकाबद्दल

सर्व सभासदांना नमस्कार. पंचवटीतल्या आपल्या कट्ट्यावरचा संगणक काल पुन्हा ‘बिघडला’ होता. मागे वाकून पाहिलं तर मॉनिटरची वायर सैल! तेव्हा आधी वायरी चाचपा, मग फोन करा.

वळवाचं गडगडायला लागलं की शटडाऊन करून प्लग सॉकेटमधून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. यूपीएसवर लेझर प्रिंटर लावू नका, यूपीएसला तो भार झेपत नाही. संगणकाच्या डब्यामागचा व्होल्टेजचा लाल खटका २३० वरच राहू द्या. तारीख रोज मागे जातेय, म्हणजे मदरबोर्डवरचा ३ व्होल्टचा सेल संपलाय. दुकानात ‘सीआर २०३२’ सेल मागा, शनिवारी बसवू.

कीबोर्ड उलटा केला तर चिवड्यातले शेंगदाणे पडले. कोणाचे ते विचारत नाही. चहा मात्र बाकावरच प्या.