आज्जीच्या नावाची पावती

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तू फोनवर विचारलीस गावातल्या म्युझियमचं उद्घाटन कसं झालं म्हणून आणि मी नुसतं "झकास झालं" म्हणून फोन ठेवला, कारण मंडपवाला पैशासाठी दारात येऊन उभा होता. आता जेवणं झाली, तुझी आई सिरियल बघूलालीय, म्हणून निवांत टाइप करायला बसलोय. अक्षर इकडंतिकडं झालं तर समजून घे, हा कीबोर्ड माझ्या बोटापेक्षा बारीक हाय.

आधी एक सांगून टाकतो, तेवढ्यासाठी रागावू नको. तू पाठवलेल्या पाच हजाराची पावती मी तुझ्या नावानं फाडली नाही. का ते पुढे येतंच.

तुला आठवतंय ना, २०१९ च्या ऑगस्टात मलप्रभेला पाणी आलं तेव्हा आपल्या खानापूर तालुक्यात किती मातीच्या भिंती बसल्या ते. त्यानंतर ज्यानं त्यानं स्लॅबची घरं बांधायला काढली आणि स्लॅबच्या घरात उखळ कुठं ठेवायचं, कणगी कुठं ठेवायची, म्हणून सगळं भंगारवाल्याच्या टेम्पोत. तांब्याची घागर किलोवर. तेव्हा आपल्या तालमीची पोरं टेम्पो अडवून म्हणाली, थांब रे, तू देतोस तेवढे आम्ही देतो. तिथून हे खूळ सुरू झालं. पहिले दोन वर्षं तो सगळा पसारा आपल्या परड्यातल्या शेडमध्ये होता, तुझ्या आईनं किती शिव्या घातल्या ते तुला माहीतच हाय. मग शाळेची नवीन इमारत झाल्यावर जुन्या दोन खोल्या पंचायतीकडून मागून घेतल्या. वरची कौलं खानापूरचीच, माझ्या कारखान्यातली. मी स्वतः शिडीवर चढून बघितलं, शिक्का आहे. तुझी आई खालून ओरडूलाली, पासष्टी गाठली तरी अक्कल नाही म्हणून.

बोर्डावरून थोडी गरमागरमी झाली. आता कर्नाटकात नियम असा की बोर्डावर ६० टक्के कन्नड पाहिजे, आणि आपल्याकडं बोर्ड म्हटलं की लगेच दोन्हीकडची डोकी तापतात. मीटिंग रात्री साडेदहापर्यंत चालली, चहा तीनदा झाला. शेवटी पेंटरनंच विचारलं, अहो पण लिहायचं काय ते तरी सांगा. आम्ही म्हटलं वस्तुसंग्रहालय. आणि कन्नडमध्ये? कन्नड शाळेचे गुरुजी म्हणाले, वस्तुसंग्रहालयच. सगळे गप्प. दोन तास ज्याच्यावरून भांडलो तो शब्द एकच निघाला, नुसती लिपी वेगळी. तेच गुरुजी मग आमच्या मराठी शाळेच्या बाईंबरोबर बसून एकेका वस्तूची चिठ्ठी लिहू लागले. तुपाच्या बुधलीवर आले तेव्हा म्हणतात, तुप्प म्हणजेच तूप, आणि हा अडकित्ता पण आमचाच घेतलाय तुम्ही. बाई काय कमी आहेत काय, त्या म्हणाल्या, घेतला तर घेतला, आतली सुपारी तरी कुठली, शिरसीची, ती पण तुमचीच की!

रविवारी सकाळी दहाचा कार्यक्रम, पाहुणे आले पावणेबाराला, ते चालायचंच. वर्गणी दिलेल्या, वस्तू दिलेल्या सगळ्यांना पहिल्या रांगेत बसवलं होतं, हा मात्र पोरांचा हट्ट, पाहुणे मागच्या खुर्चीवर बसले तरी चालतील म्हणाली. बचत गटाच्या बायका, गोव्याला हॉटेलात कामाला आहेत ती पोरं रात्रभर प्रवास करून आलेली, आणि कोपऱ्यावरच्या घरातले रिटायर सुभेदार. त्यांनी आपल्या आजोबांची काळी पत्र्याची ट्रंक दिलीय, मराठा लाइट इन्फंट्रीतली, दुसऱ्या महायुद्धात इटलीपर्यंत जाऊन आलेली. ट्रंकेच्या झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर आहे, आणि आत झाकणाला पांडुरंगाचं चित्र खळीनं चिकटवलेलं, अर्धं वाळवीनं खाल्लंय. नामदेव जाधवांना सेनिओ नदीवरच्या लढाईत व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला ती हीच रेजिमेंट, १९४५ साली, हे सुभेदारांनी माइकवर सांगितलं आणि सांगता सांगता करंट गेला.

माइक बंद, फॅन बंद, आत खोलीत अंधार. पाहुण्यांचं भाषण राहिलंच, बरंच झालं म्हणायचं. पोरांनी मोबाईलचे टॉर्च लावले आणि लोक तसेच आत शिरले. जात्यावर आम्ही चिठ्ठी लावली होती, हात लावू नये, दोन्ही भाषांत. जातं दिलेली वरच्या आळीची म्हातारी, वय नव्वदीच्या आसपास असेल, तिनं शेजारच्या पोराला वाचून दाखवायला लावलं आणि म्हणाली, "माझंच जातं आणि मलाच हात लावू नको म्हणूलालाय व्हय रे?" आणि बसलीच की खाली पाय पसरून. कुणीतरी पळत जाऊन ओंजळभर नाचणा आणला. खुंटा सैल झालेला, तिनं चिंधीची पाचर मारली, आणि घरघर सुरू झाली. गळा पार बसलाय तिचा, ओवीतले अर्धे शब्द कळत नव्हते, पण बाजूच्या बायकांना कळत होते, त्या पुढची ओळ उचलत होत्या. पीठ जाडंभरडं पडलं. करंट आला तरी कुणी टॉर्च बंद केला नाही बराच वेळ.

आता आज्जीच्या शेराचं सांगतो. तो मी दिलाय, तुला विचारलं नाही, तेही कबूल. तुला आठवत असेल, पितळेचा, एका बाजूला पोचा पडलेला. १९५६ च्या एक नोव्हेंबरला आपण मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलो, आणि त्याच वर्षाच्या शेवटी शेर जाऊन किलो आणायचा कायदा झाला. आज्जी म्हणायची, सरकारनं राज्य बदललं, माप बदललं, माझी चूल काय बदलली नाही. मरेपर्यंत शेरानंच मोजलं तिनं. शेजारीण तांदूळ उसने मागायला आली की शेर शीग लावून भरायची आणि वर अजून एक मूठ टाकायची. मी लहानपणी विचारलं होतं, अगं शीग लावलीस की, वर ही मूठ कशाला? तर म्हणाली, ही पोच्याची. शेराला पोचा पडलाय म्हणजे आत तेवढा तांदूळ कमी बसतोय, तो त्यांच्या वाट्याचा. आणि परत घेताना? परत घेताना दुसऱ्याच्या शेरानं घ्यायची, त्याला पोचा नव्हता. हिशोबात पक्की होती, वेडी नव्हती!

तर मी शेर देऊन आलो, आणि चार दिवसांनी बघतो तर चिठ्ठीवर लिहिलंय, "शेर, धान्य मोजण्याचे माप, देणगी" आणि पुढं माझं नाव. मी म्हटलं, अरे माझा कुठला, आईचा हाय तो, तिचं नाव घाला. पोरगं पेन घेऊन तयार, "काय नाव आज्जीचं?" आणि बाळ, खरं सांगतो, मला पटकन आलं नाही. जन्मभर आई म्हटलं. गाव तिला माझ्या थोरल्या भावाची आई म्हणून ओळखायचं. आबा तर "ऐकलंस काय" म्हणूनच हाक मारायचे. नाव आलं मग, पण माहेरचं आधी आठवलं, सासरचं नव्हे, मामा हाक मारायचा ते. खात्री करायला घरी येऊन कागद काढले. शेताच्या उताऱ्यावर आबा, मग आम्ही भाऊ, ती कुठंच नाही. घरपट्टीवर नाही. शेवटी जुन्या रेशनकार्डावर सापडलं, कन्नडमध्ये, आणि तेही एक अक्षर चुकवलेलं.

वर्गणीदारांचा बोर्ड व्हायचा होता, पाच हजार आणि त्याच्या वरचे सगळे. तुझे पैसे नुकतेच आले होते. मी खजिनदाराला म्हटलं, पावती आईच्या नावानं फाड. तो म्हणाला, काका, पोरीचे पैसे आहेत, तिला काय वाटेल? मी म्हटलं तिला मी सांगतो. पंधरा दिवस झाले, आज सांगूलालोय. तुझं नाव पुण्यात ऑफिसच्या कार्डावर आहे, फ्लॅटच्या दारावर पण आहे, मीच स्क्रू मारलाय. तुला चालत नसेल तर बिनधास्त सांग, मी पेन्शनमधून अजून पाच भरतो आणि तुझं वेगळं घालतो, बोर्डावर खाली जागा आहे.

जेवणाला भात, आमटी, भजी आणि बेळगावाहून कुंदा आणला होता, साडेचारशे ताटं उठली, आमटी शेवटी पातळ करावी लागली, पण कुणी बोललं नाही. म्युझियम आता रविवारी आणि बाजारादिवशी उघडं असणार, किल्ली सध्या आपल्याकडंच आहे. तुझ्या आईची कटकट परत सुरू झालीय.

गणपतीला याल तेव्हा लेकराला जात्यापाशी बसवायचंय, चिठ्ठी आम्ही काढून टाकलीय. बसनं इंद्रायणीची अर्धी गोणी पाठवलीय, उतरून घ्या, ड्रायव्हरला पैसे दिलेत, परत देऊ नको.

बोर्डाचा फोटो सोबत पाठवलाय. आज्जी वरून सहावी. मधल्या दोन नावांच्या आधी "कै." आहे बघ, पेंटर हिच्या आधी पण लावू काय म्हणून ब्रश घेऊन थांबला होता. मी म्हटलं, राहू दे रे, आत्ता कुठं नाव लागलंय तिचं.

तुझे,
आप्पा