घरातली खाट कोण मोजणार?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : दवाखान्यातून घरी सोडलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या पेशंटबाबत.

महोदय,

मी मिरजेत राहते. बावीस वर्षं नर्सिंग केलं, त्यातली शेवटची सात वर्षं एका खाजगी दवाखान्यात मेट्रन, म्हणजे नर्सेसची प्रमुख होते. दीड वर्षापूर्वी राजीनामा दिला. आता स्कूटीच्या डिकीत ड्रेसिंगचा डबा टाकून सांगली, मिरज आणि आसपासच्या गावांत घरोघरी पेशंट बघायला जाते. राजीनाम्याचं कळलं तेव्हा निम्म्या लोकांनी हळू आवाजात विचारलं, "काही झालं का ओ तिथं?" थोरली बहीण तर सरळ म्हणाली, "खुर्ची सोडून परत बेडपॅन?" खुर्ची आपणहून सोडणाऱ्याकडे लोक कसे बघतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

मेट्रनचं काम कागदाचं असतं. सकाळी आल्या आल्या रात्रपाळीच्या सुपरवायझरचा फोन: दोन स्टाफ आल्या नाहीत, आयसीयूतून एक काढून देऊ का? मग रोस्टर, रजेचे अर्ज, लिननचा हिशेब आणि ऑडिट जवळ आलं की महिनाभर एनएबीएचच्या, म्हणजे दवाखान्याच्या दर्जाच्या मान्यतेच्या फायली. पेशंटला हात लागायचा तो राउंडला, चादर सरळ करण्यापुरता. हे काम कुणीतरी करायलाच हवं आणि मी ते बरं करत होते, असं लोक म्हणतात. पण एक टिक माझ्या डोक्यातून जाईना.

अर्धांगाचा झटका आलेल्या एक आजी आमच्याकडे सोळा दिवस होत्या. डिस्चार्जच्या दिवशी पाठ स्वच्छ होती, तांबूस डागही नव्हता. चेकलिस्टवर सही माझी. घरी सोडल्यापासून एकोणिसाव्या दिवशी त्यांना परत आणलं तेव्हा माकडहाडावर तळहाताएवढी जखम होती आणि आत बोट जाईल एवढं पॉकेट. बेडसोरच्या, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमेच्या फॉर्मवर एक प्रश्न असतो: जखम इथे झाली, की दाखल होतानाच होती? मी दुसऱ्या चौकोनात टिक केली. खोटं नव्हतं ते. त्या महिन्यातला आमचा बेडसोरचा आकडा शून्य राहिला आणि मीटिंगमध्ये टाळ्याही वाजल्या. बाहेर व्हरांड्यात त्यांची सून म्हणाली, "सिस्टर, कूस बदलायची असती हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही." सांगितलं होतं. डिस्चार्ज कार्डावर, इंग्रजीत, शेवटून दुसऱ्या ओळीत.

आता जरा खाजगीतलं सांगते. दर दोन तासांनी कूस बदलली की चार्टवर सही करायची, म्हणजे दिवसाच्या बारा सह्या. त्यातल्या कितीतरी ड्युटी संपताना एका दमात, एकाच पेनाने केलेल्या असतात, हे मेट्रन असताना मला दिसत होतं. तीस पेशंटना दोन मुली असल्या की दुसरं काय होणार? मी रागावायचे आणि फाईल पुढे सरकवायचे.

आता ज्या घरी रोज जाते तिथले आप्पा ब्याऐंशी वर्षांचे आहेत. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण पुन्हा उभे राहिले नाहीत. त्यांच्या सुनेला मी चार्ट दिलाच नाही. तिच्या दिवसाला कूस जोडून दिली. दूध आलं की डावी. पोरांची रिक्षा गेली की उजवी. नळाला पाणी आलं की उताणे. संध्याकाळच्या मालिकेच्या जाहिराती लागल्या की पुन्हा डावी. रात्रीला अलार्म, आणि एक पाळी नवऱ्याची. लोखंडी पलंगाच्या चारी पायांखाली विटा घातल्या, कारण वाकून वाकून तिचीच कंबर गेली असती, मग त्या घरात दोन पेशंट. कुणीतरी ग्लोव्हजमध्ये पाणी भरून टाचांखाली ठेवायला सांगितलं होतं, ते काढलं. पिंढऱ्यांखाली उशी सरकवली आणि टाच अधांतरी ठेवली. चार महिने झाले, पाठीवर डाग नाही. सही कुणाचीच नाही.

आप्पांचं ऑपरेशन महात्मा फुले योजनेतून झालं. त्याबद्दल घरचे आजही हात जोडतात, आणि ते योग्यच आहे. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण ही लहान गोष्ट नाही. पण एअर बेड, डायपर, युरिन बॅग, गॉज, सिस्टर आणि रात्रीच्या मावशी हे सगळं त्यांच्या खिशातून चाललंय. पेशंटने दवाखान्याचा उंबरा ओलांडला आणि सरकारच्या लेखी तो बरा झाला.

जिकडे पाहावं तिकडे खाटेचाच हिशेब. १९४९ च्या कायद्याखाली शुश्रूषागृहाची नोंदणी करायची तर खाटा किती ते लिहा. आमचा पगारसुद्धा खाटांवर. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने खाजगी दवाखान्यांतल्या नर्सेससाठी शिफारस केली: २०० च्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार, १०० च्या वर असतील तर फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० असतील तर फार तर २५ टक्के कमी, आणि ५० पेक्षा कमी असल्या तरी महिना २०,००० च्या खाली नको. ती शिफारस किती ठिकाणी पाळली गेली, हा विषय आज काढत नाही. पत्र लांबेल आणि माझं डोकंही तापेल. मी विचारते एवढंच, की आप्पांच्या घरात एकच खाट आहे. ती कुठल्या रकान्यात बसते?

या रकान्याबाहेरच्या खाटा सांभाळतात ब्युरोच्या, म्हणजे घरी माणसं पुरवणाऱ्या एजन्सीच्या मावशी. बारा तासांची ड्युटी, नाहीतर चोवीस तासांची. पेशंटच्या खोलीत जमिनीवर चटई टाकून झोपायचं, आणि पगारातून ब्युरोचं कमिशन जायचं. घरचे त्यांना सिस्टर म्हणतात, कारण ब्युरोवाल्यानेच तसं सांगून पाठवलेलं असतं. महाराष्ट्र परिचर्या परिषदेचा नोंदणी क्रमांक कोणत्याही घरात विचारलेला मी अजून ऐकला नाही. खरं सांगायचं तर मलाही कुणी विचारलेला नाही. मावशींवर माझा राग नाही. त्यांच्याइतक्या मायेने भरवणारं दवाखान्यात मी फार थोड्यांना पाहिलंय. पण न शिकवता त्यांच्या हातात सुई दिली की काय होतं, ते ऐका.

एका घरी आजींची शुगर काही केल्या तीनशेच्या खाली येईना. डोस २० युनिट. डॉक्टरांनी वाढवून ३० केला. मावशी अगदी मन लावून सिरिंजवरच्या तीसच्या रेघेपर्यंत भरायच्या. पण बाटली ४० च्या इन्सुलिनची होती, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट, आणि दुकानातून आलेली सिरिंज नारिंगी टोपणाची, म्हणजे मिलिलिटरला १०० युनिटच्या इन्सुलिनची. त्या सिरिंजवरच्या तीसच्या रेघेला ४० चं इन्सुलिन भरलं, तर पोटात जातात १२ युनिट. आठवड्याने सिरिंजा संपल्या. मुलाने दुसऱ्या दुकानातून आणल्या, त्या लाल टोपणाच्या, म्हणजे बरोबर असलेल्या. रेघ तीच, तीसची. या वेळी तीसच्या तीस गेले. पहाटे आजी घामाने चिंब, बोलताना जीभ अडखळायला लागली, ग्लुकोमीटरवर ४६. गिळता येत होतं म्हणून साखरपाण्यावर भागलं. यात चूक कुणाची धरणार? डॉक्टरांनी डोस बरोबर लिहिला, मावशींनी रेघ बरोबर पाहिली, मुलाने सिरिंजही बरोबर आणली. टोपणाचा रंग बघणारं माणूस तेवढं त्या घरात नव्हतं.

त्या सुया वापरून झाल्यावर कुठे जातात, तेही जाता जाता सांगते. ओल्या कचऱ्याबरोबर, घंटागाडीत. आता मी ज्या ज्या घरी जाते तिथे जाड प्लॅस्टिकची बाटली ठेवायला लावते आणि भरली की वर चिकटपट्टी. पुढे ती वेगळी नेली जाते का, हे घंटागाडीवाल्याला विचारायचा धीर मला झालेला नाही.

घरी जाऊन सांभाळायची कल्पना मी परदेशातून आणलेली नाही. आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची काळजी घरात नेली आणि बाळांचे मृत्यू कमी करून दाखवले. १९९९ मध्ये ते जगासमोर आलं, आणि २०११ पासून देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जायला लागल्या. प्रसूती दवाखान्यात झाली असेल तर ४२ दिवसांत सहा भेटी, ठरलेल्या दिवशी, हातात फॉर्म. म्हणजे दवाखान्यातून घरी गेलेल्या माणसाच्या मागे जायची पद्धत आपल्याला माहीत आहे. केरळने २००८ मध्ये पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे दीर्घ आजाऱ्यांचा त्रास कमी करणाऱ्या काळजीचं धोरण केलं, तिथे ग्रामपंचायतीच्या मदतीने नर्स अंथरुणावरच्या पेशंटच्या घरी जाते. आपण बाळाच्या घरी सहा वेळा जातो. त्याच घरातल्या पणजोबांच्या खोलीत मात्र असं ठरलेल्या दिवशी कुणी डोकावताना मी पाहिलेलं नाही.

तेवढं काम कुणाला तरी नेमून, लिहून द्या. ज्या पेशंटला स्वतःहून कूस बदलता येत नाही, त्याला सोडताना घरापर्यंतचा हँडओव्हर व्हावा. आम्ही एका ड्युटीवरून दुसरीला हँडओव्हर दिल्याशिवाय वॉर्ड सोडत नाही; इथे तर अख्खी ड्युटीच सुनेच्या गळ्यात टाकतो. मराठीत एक पान, ठळक अक्षरात. योजनेच्या पॅकेजमध्ये पहिल्या महिन्यात निदान चार वेळा नर्सची घरभेट, कारण जखमा त्याच महिन्यात होतात. ब्युरो चालवायचा तर त्यात एक तरी नोंदणीकृत नर्स मावशींना शिकवायला आणि देखरेखीला हवी, आणि मावशींना शिकल्याचा कागद मिळावा, जो दाखवून त्या दोन पैसे जास्त मागू शकतील. आणि अशा पेशंटची प्रभागनिहाय एक यादी. २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा मी दवाखान्यात फोनवर होते. पलंगावरचा माणूस कुठल्या गल्लीत, कितव्या मजल्यावर आहे, हे फक्त नातेवाईक फोन करून सांगेल तेव्हाच कळत होतं. ज्यांचे नातेवाईक पुण्यात, त्यांचा फोन पुण्याहून यायचा, आणि त्यांना शेजाऱ्याचं आडनावही आठवत नसायचं.

माझा पगार निम्म्यावर आला. पीएफ नाही, पावसात रेनकोट फाटतो, आणि एका घरातलं कुत्रं मला अजून ओळखायला तयार नाही. हे तक्रार म्हणून लिहिलेलं नाही. परत जायचं का असं कुणी विचारलं तर मी नाहीच म्हणेन. पण माझ्या हाताखाली शिकलेल्या चांगल्या मुली विचारतात, "मॅडम, आम्ही पण येऊ का?" तेव्हा मी त्यांना हो म्हणू शकत नाही. त्यांची घरभाडी आहेत, कर्जाचे हप्ते आहेत, आणि या कामाला धड नावसुद्धा नाही.

सांगली-मिरजेचा दौरा निघाला तर नवीन इमारतीचं उद्घाटन झाल्यावर अर्धा तास राखून ठेवा. आप्पांच्या घरी नेते. कॅमेरे नकोत, खोली लहान आहे. दुपारी तीनला या, तेव्हा नळाला पाणी येतं आणि त्यांना उताणं करायचं असतं. चादर धरायला एक माणूस कमीच पडतो.

आपली,
एक नोंदणीकृत परिचारिका,
मिरज, जि. सांगली.