दिरहॅम वधारला म्हणून कर्ज काढू नका

संपादक महोदय,

रुपया घसरला की आखातातल्या आपल्या माणसांना आनंद होतो. अमिरातीचा दिरहॅम 1997 पासून एका डॉलरला 3.6725 या दराने बांधलेला आहे, त्यामुळे डॉलर चढला की दिरहॅमही चढतो आणि घरी जास्त रुपये पोचतात. पण याच हुरुपात काहीजण तिथल्या बँकेचे कर्ज काढून पैसे इकडे मुदत ठेवीत टाकतात. हा हिशेब धोक्याचा आहे.

समजा, 10,000 दिरहॅम 22 रुपयांच्या दराने पाठवले. झाले 2,20,000 रुपये. सात टक्क्यांनी वर्षाअखेर 2,35,400 होतील. तोवर दर 24 झाला, तर परत नेताना हाती येतात जेमतेम 9,808 दिरहॅम. मुद्दलच घटले, कर्जाचे व्याज वेगळेच! शिवाय एनआरई ठेव, म्हणजे अनिवासी भारतीयांची इथली रुपयांतली ठेव, वर्षाच्या आत मोडली तर एक पैसाही व्याज मिळत नाही. बचत परकीय चलनातच राखायची असेल तर एफसीएनआर ठेव आहे, मुदत एक ते पाच वर्षे.

पैसे पाठवताना ‘शुल्क शून्य’ या पाटीला भुलू नये. शुल्क नसले तरी दर कमी दिलेला असू शकतो; 2,000 दिरहॅमवर दर दिरहॅममागे 20 पैशांचा फरक म्हणजे 400 रुपये गेले. ‘सगळे कापून घरी नेमके किती रुपये जमा होणार?’ एवढेच दोन-तीन ठिकाणी विचारावे, तेही एकाच दिवशी.

— एक वाचक, रत्नागिरी