चांदवेलीचे मूळ

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीपासून तुझ्या पत्राला उत्तर दिले नाही, याची रुखरुख आहे. आईचे गुडघे सोडले तर घरी सर्व ठीक. आज लिहायला बसलो तो चांदवेलीमुळे, कारण दुसऱ्या कोणालाही सांगितले तर ‘तणच ना ते’ एवढेच ऐकायला मिळते.

परवा पाइपलाइनसाठी गव्हाच्या कडेने चर खणला, तेव्हा त्याच्या भिंतीत चांदवेलीचे सुतळीएवढे पांढरट मूळ उभे उघडे पडले. मी चरात उतरून ते बोटांनी मोकळे करत गेलो. चर माझ्या छातीइतका खोल होता आणि मूळ त्याच्या तळातून आणखी खाली गेले होते. कडेने धावणाऱ्या आडव्या मुळांवर जागोजाग कोंब होते. ते पाहून धस्स झाले, कारण गेल्या वर्षी तात्या नको म्हणत असताना मीच तिथे रोटाव्हेटर फिरवला होता. या मुळाचा बोटभर तुकडासुद्धा नवा वेल उभा करतो, हे मला ठाऊक होते, तरीही घाई केली. आता अर्धा गहू चांदवेलीने वेढला आहे. फवारणीने वरची पाने करपतात, मूळ पुन्हा फुटते. एका बोंडात चारपर्यंत बिया, आणि त्या मातीत 20 वर्षांहूनही अधिक काळ जिवंत राहतात. सतत खुडत राहिले तर मुळातला साठा हळूहळू संपतो, पण त्याला काही वर्षे लागतात. तात्या एका शब्दाने बोलले नाहीत; रोज सकाळी खुरपे घेऊन जातात, आणि तेच मला सहन होत नाही.

आपले ते भांडण आठवते का? मी चांदवेलीच्या नमुन्याच्या कागदावर ‘छदे नाहीत’, म्हणजे फुलाच्या देठावरची इवली पाने नाहीत, असे लिहिले होते आणि तू दोन दिवस अबोला धरला होतास. काल भिंगाखाली पाहिले. फिकट गुलाबी नरसाळ्यासारख्या फुलाच्या देठावर, निदलपुंजापासून (फुलाच्या तळाच्या हिरव्या वाटीपासून) बरीच खाली, सुईच्या टोकाएवढी दोन छदे आहेत. तू बरोबर होतास. भेळ माझ्याकडे लागू. पाने मात्र मी म्हणत होतो तशीच, हरणाच्या खुरासारखी, आणि वेल गव्हाच्या काडीवर वरून पाहता प्रदक्षिणेच्या उलट चढते.

मुलीचे लग्न ठरल्याचे कळले, फार आनंद झाला. तारीख कळव.

चर आठ दिवस बुजवू नका, असे सांगून ठेवले आहे. रविवारी ये आणि ती जुनी वही आण.

तुझा,
मधू