पर्यावरणाचा वेगळा पेपर पुरे झाला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार अभ्यासक्रम पुन्हा लिहिले जात आहेत आणि त्यांत 'शाश्वत विकास' हा शब्द जागोजागी दिसतो. तो पुन्हा एका वेगळ्या पेपरात कोंडला जाईल, अशी मला धास्ती आहे.

पर्यावरणाचे खटले लढवणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच पर्यावरण शिक्षण सक्तीचे करायला सांगितले होते. पदवीच्या वर्गांपर्यंत ते पोहोचायला तपाहून अधिक काळ गेला. विद्यापीठ अनुदान आयोगाने सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला, पुण्याच्या डॉ. एराक भरूचा यांनी त्याचे पाठ्यपुस्तक लिहिले. शंभरातले २५ गुण प्रत्यक्ष पाहणीला होते. कागदावर काहीच वावगे नव्हते.

कॉलेजात मात्र ज्याचा वर्कलोड कमी, त्याच्या गळ्यात ईव्हीएस, म्हणजे हा पर्यावरणाचा पेपर. मी सिव्हिल इंजिनिअरिंग शिकवत असे. माझ्याही गळ्यात दोनदा पडले. इथल्या सोलापूरच्या कंबर तलावाच्या पाहणीच्या फायली आल्या. जलपर्णीचा तोच फोटो, 'प्रदूषण'मधला ऱ्हस्व-दीर्घही सगळीकडे सारखाच चुकलेला. दुपारभर बसून मी सगळ्यांवर सह्या केल्या. दोष मुलांना देण्याचा मला हक्क नाही.

त्याच वर्षांत माझ्या स्वतःच्या विषयात काय चालले होते? पाणीपुरवठ्याच्या गणितात मुले माणशी रोज १३५ लिटर धरून टाकीचा आकार काढत. घरी नळाला पाणी चार-पाच दिवसांआड. सकाळी पिंपे भरून पोरे वर्गात येत. पाण्याच्या अशा पाळीत १३५ लिटरचा अर्थ काय, हा प्रश्न मी कधी विचारला नाही, कारण तो पेपरात येत नसे.

काँक्रीटचेही तेच. ताकद तपासायला ओतलेले काँक्रीटचे ठोकळे, म्हणजे क्यूब, अठ्ठावीस दिवसांनी फोडायचे आणि तुकडे प्रयोगशाळेमागे टाकायचे. तिथे ढीग साचला होता. जुन्या काँक्रीटची खडी करून प्रबलित (सळया घातलेल्या) काँक्रीटमध्ये एम-२५ या ताकदीच्या प्रतीपर्यंत २० टक्के वापरायला आयएस ३८३ हे भारतीय मानक २०१६ पासून परवानगी देते. तरीही मिक्स डिझाइन, म्हणजे काँक्रीटच्या मिश्रणाचे प्रमाण ठरवण्याचे गणित, आम्ही दर वर्षी ताज्या खडीवरच करून घेतले. सिमेंट भट्टीत निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा वाटा इंधनाचा नसून खुद्द चुनखडीतून सुटणारा असतो. हे रसायनशास्त्राच्या तासाला सांगायला कितीसा वेळ लागतो? पण ते 'पर्यावरणात' येते म्हणून सोडून द्यायचे!

वाणिज्य शाखेत तर निमित्त आयतेच आहे. पहिल्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून पाणी, ऊर्जा, कचरा यांचा हिशेब जाहीर करणे शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने बंधनकारक केले आहे. तो वाचायला बी.कॉम.च्या ताळेबंदाच्या तासाइतकी चांगली जागा दुसरी कुठली?

अभ्यास मंडळांना एकच विनंती. नवा पेपर वाढवू नका, जुन्या पेपरांतले प्रश्न बदला. मुले आणि आम्ही मास्तर, दोघेही प्रश्नपत्रिकेकडे बघूनच शिकतो. सुरुवात सोलापुरातूनच होऊ दे. उजनी धरणाचे पाणी शंभरावर किलोमीटर पाइपातून शहरात येते. त्यातल्या हजार लिटरमागे पंपाला किती वीज लागते, हे दहा मार्कांचे गणित यंदाच्या हायड्रॉलिक्सच्या पेपरात घाला.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, सोलापूर