भीती वाटते म्हणणाऱ्या सिस्टरचं आधी ऐका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

साथीच्या काळात वॉर्डात जायला कचरणाऱ्या परिचारिकांना 'कामचुकार' म्हणणारं एका वाचकाचं पत्र आपल्या अंकात वाचलं. 'भीती वाटत होती तर या पेशात आलात कशाला?' असा त्यांचा सवाल आहे. मी २६ वर्षं परिचारिका आहे, त्यातली ९ वर्षं संसर्गजन्य रोगांच्या वॉर्डात गेली. मला भीती वाटते. दर पाळीला वाटते.

कोविडच्या वॉर्डातली एक रात्र सांगते. पहाटेचे तीन वाजले असतील. मी विश्रांतीसाठी किट उतरवून बाहेर आले होते. काचेतून पाहते तर चार नंबरच्या आजोबांनी भ्रमात ऑक्सिजनचा मास्क ओढून काढलेला. मॉनिटरवरचा रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा ८९, मग ८४. आतली सिस्टर पलीकडच्या टोकाला एका रुग्णाचं सक्शन करत होती, म्हणजे नळीनं कफ ओढून काढत होती, तिला हात सोडवत नव्हता. माझे पाय दाराकडे धावत होते. तरी मी आधी गाऊन चढवला, एन-९५ लावला, दोन्ही तळहात त्यावर ठेवून श्वास सोडून पाहिला, मग गॉगल, मग हातमोजे. चार मिनिटं गेली. आत जाऊन मास्क बसवला, आकडा हळूहळू वर आला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीचा फोन आला तेव्हा त्या चार मिनिटांविषयी बोलायचं धैर्य मला झालं नाही.

त्या रात्री मला दाराशी थांबवलं ते भीतीनं. तशीच आत धावले असते तर कदाचित त्याच आठवड्यात मीही खाटेवर असते, आणि तोवर किती जणांना आजार देऊन बसले असते कोण जाणे. घरी मुलगा दाराआडून विचारायचा, "आई, आता जवळ येऊ?" त्याला नाही म्हणताना जे वाटायचं, तीही भीतीच होती.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. आम्हाला सगळ्यांना एकाच मापाचे मास्क मिळाले होते. माझा चेहरा लहान. नाकाशी फट राहायची, श्वास सोडला की गॉगलवर धुकं धरायचं. धुकं धरतंय म्हणजे हवा वरून निसटतेय, आणि बाहेर जाणारी हवा त्याच वाटेनं आतही येते. हे मी तीनदा सांगितलं. उत्तर मिळालं, "सिस्टर, जरा सांभाळून घ्या." लहान मापाचा मास्क मिळायला १९ दिवस लागले. तोवर आमच्यातल्या दोघी पॉझिटिव्ह आल्या. मास्कमुळेच आल्या असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण विचारणाऱ्याचं ऐकून घ्यायला काय लागत होतं?

कॅनडातल्या टोरांटो शहरात २००३ साली सार्स या कोविडसारख्याच श्वसनाच्या आजाराच्या साथीत हेच घडलं. मे महिन्यात साथ संपली असं मानून खबरदारी सैल केली गेली. काही परिचारिका सांगत होत्या की रुग्ण अजून येताहेत, लक्षणं तीच आहेत. त्यांचं कुणी मनावर घेतलं नाही आणि दुसरी लाट उसळली. त्या शहरात सार्सनं दोन परिचारिका आणि एक डॉक्टर गेले. पुढे न्यायमूर्ती आर्ची कॅम्बेल यांच्या आयोगानं स्पष्ट लिहिलं, की कर्मचाऱ्यांच्या संरक्षणासाठी शास्त्रीय खात्री पटेपर्यंत थांबू नये. जगभरातल्या सार्सच्या सुमारे ८,००० रुग्णांत जवळपास पाचवा हिस्सा आरोग्य कर्मचाऱ्यांचा होता.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१ च्या १५५ क्रमांकाच्या करारात, जिवाला तातडीचा गंभीर धोका आहे असं सकारण वाटल्यानं कामावरून बाजूला झालेल्या माणसाला शिक्षा होऊ नये, असं कलम आहे. मला ते माहीत आहे. पण श्वास लागलेल्या माणसाला खाटेवरून बाजूला होता येत नाही, म्हणून मी कधी ते वापरलं नाही, वापरणारही नाही. जी वापरेल तिला मात्र मी नावं ठेवणार नाही. तिच्यावर ती वेळ का आली, हे आधी विचारेन.

आणखी एक गोष्ट. पाळी संपल्यावर किट उतरवतानाचा क्षण सर्वांत धोक्याचा असतो. हात थकलेले असतात, डोळ्यांवर झोप असते, आणि गाऊनची बाहेरची बाजू एकदा गालाला लागली तरी पुरे. तेव्हा समोर उभी राहून "थांब, आधी मोजे... आता हात धू... मास्क सगळ्यात शेवटी" असं सांगणारी दुसरी सिस्टर हवी. माणसं कमी पडली की सगळ्यात आधी हीच जागा रिकामी राहते. पत्र लिहिणाऱ्या वाचकांना आमच्या कर्तव्याची काळजी असेल, तर त्यांनी पुढच्या पत्रात या एका जागेची मागणी करावी. त्या पत्राखाली मीही सही करीन.

आपली,
एक परिचारिका
(कृपया नाव छापू नये)